पिनकोडच्या रकान्यातल्या खुणा

पालममध्ये माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, नवी तार भरून जातात. कुणाच्या मोटारीत कोणती तार, किती वेढे, हे सगळं बारा वर्षांपासून एका जुन्या कॉम्प्युटरात आहे. तो दुकानात कामाला असलेल्या शिवकन्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. माझं तर नाहीच.

शिवकन्याला सातवा महिना. बाळंतपणाला चार महिने माहेरी, चुडाव्याला जाणार होती. जायच्या आधी मोबाईलवर चालणारी नवी सिस्टीम घ्या, म्हणून हात धुवून मागे लागली. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. तोट्याच्या बाजूला भराभर लिहिलं: दरवर्षीची फी, रेंज गेली की बोंब, माझं शिकायचं वय गेलं. फायद्याची एकच ओळ, तीही तिनेच लिहिली: मी नसताना दुकान चालेल. मला ती ओळ आवडली नाही. नऊ वर्षांत तिने सलग चार दिवस रजा घेतली नव्हती, आणि मला त्याची सवय झाली होती.

तरी कंपनीच्या नागेशला बोलावलं. त्याने जुनी माहिती नव्या सिस्टीममध्ये चढवली. मी शेजारच्या वाडीचे लिंबाजी कदम शोधले. वाडीत या नावाचे सात जण आहेत. पडद्यावर आला एकच लिंबाजी, आणि त्याच्या नावावर सात मोटारी.

नागेश गोंधळला. शिवकन्या ओशाळली. आमच्या गिऱ्हाइकांचा पिनकोड एकच, तो कशाला भरायचा, म्हणून तिने त्या रकान्यात माणसांच्या खुणा लिहिल्या होत्या. रकान्यात मावतात सहाच अक्षरं, म्हणून 'चिंचेखालचा बोअर' झाला 'चिंखाबो'. नव्या सिस्टीमला पिनमध्ये आकडेच लागतात. सिस्टीमने खुणा उडवल्या आणि सात जणांचा एक केला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे तोट्यात लिहायला मी पेन उचललं, नागेशला चहा पिऊन निघायला ओरडून सांगितलं. शिवकन्या मात्र जागची हलली नाही.

"काका, जुन्यात तरी काय हाय? ह्या अक्षरांचा अर्थ मला एकटीलाच ठाऊक. मी गेल्यावर कुणाला इचारणार तुमी? बाळंतिणीच्या खोलीत फोन करणार?"

केलाच असता. दिवसातून दहादा केला असता. मला मनापासून लाज वाटली. मी पेन खाली ठेवलं आणि नागेशला थांबवलं.

त्याने 'खूण' नावाचा ऐसपैस रकाना उघडून दिला. आठ दिवस ती एकेक खूण उलगडून सांगत होती आणि मी एका बोटाने टाइप करत होतो. नवव्या दिवशी ती निश्चिंत मनाने चुडाव्याला गेली.

दहाव्या दिवशी फोन आला. "लिंबाजी बोलायलोय. मोटार जळाली." पुढे शब्द नाही. मी नाव टाकलं. सात लिंबाजी ओळीने उभे. पाचव्याची खूण: फोनवर नाव सांगून गप्प बसतात. तेच होते. तार, वेढे, सगळं समोर. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचलो.

मग आठवलं, माझ्या शेतातली मोटारही यादीत आहे. माझंच नाव टाकलं, सूर्यभान. ही खूण मी टाइप केलेली नव्हती: आधी ओरडतात, मग ऐकतात.

पुसायचं बटण मला आता येतं. पण राहू दिली.