'पाठवा' बटणाच्या पोटातला गोळा

घाबरत घाबरतच बोलतोय मी. मी एक बटण आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर नावनोंदणीचा फॉर्म आहे ना, त्याच्या तळाशी निळ्या चौकोनात 'पाठवा' असं लिहिलंय, तोच मी.

मला तनयने जन्माला घातलं. तो इथे पीएचडी करतो. खरं तर फॉर्मला पत्ता एकच देता येतो. मला दाबलं की माहिती एका स्क्रिप्टकडे, म्हणजे सर्व्हरवरच्या छोट्या प्रोग्रामकडे जाणार, संपलं. पण मंडळाच्या नंदिनीताई म्हणाल्या, "हे बघ तनय, लोक एकदाच बटण दाबणार. नावं दारावरच्या यादीत, पोचीची मेल त्यांना आणि पथ्य काय असेल ते माझ्या स्वयंपाकघरात, असं सगळं आपापलं गेलं पाहिजे."

"आल्झो, बरं, करतो काहीतरी," म्हणत तनयने सर्व्हरवर तीन स्क्रिप्ट बसवल्या आणि एका दाबात तिघींकडे धावायला मला शिकवलं. फक्त एक आळस केला. पहिलीने 'मिळालं' म्हटलं की मी लगेच हिरवी खूण दाखवायची, उरलेल्या दोघींची वाट बघायची नाही. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा असतो.

नवरात्रात मंडळाचा भोंडला ठरला. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. तोवर डब्यात काय आहे ते कुणी सांगत नाही. म्हणून तर पथ्याचा रकाना महत्त्वाचा. पण त्यात लोक काय काय लिहितात! 'बायकोची बोलणी सोडून सगळं चालतं,' असं एका काकांनी लिहिलं होतं.

हेर्त्सोगेनआउराख गावची कादंबरी नावाची एक आई मात्र चेष्टा करत नव्हती. तिने लिहिलं, 'माझ्या मुलीला, स्पृहाला, शेंगदाणा अजिबात चालत नाही. श्वास कोंडतो.' आणि मला दाबलं.

मी धावलो. यादीवालीने घेतलं, मेलवालीने घेतलं. स्वयंपाकघराच्या स्क्रिप्टकडे गेलो, तर तिथे कुणीच नाही! तनयने तिला नव्या सर्व्हरवर हलवलं होतं आणि मला नवा पत्ता द्यायचा विसरला होता. मला ओरडायचं होतं हो! पण मी तोवर हिरवा झालो होतो: 'धन्यवाद! माहिती पोहोचली.' कादंबरी निर्धास्त झाली.

भोंडल्याच्या दिवशी तनयचा लॅपटॉप खिरापतीच्या टेबलावरच उघडा होता. पडद्यावर मी. नंदिनीताईंनी डबा हलवला, "ओळखा पाहू!" शिरा, वड्या, चिवडा, पोरं ओरडू लागली. पाच वर्षांची स्पृहा पुढे आली. कुठलाही खाऊ समोर आला की ती भीतभीत जर्मनमध्ये एकच विचारते, शेंगदाणे आहेत का. तेच तिने विचारलं, "एर्डन्युसं?"

ताईंना वाटलं, पोरीने ओळखलं. "गेनाऊ! अगदी बरोबर! दाण्याचे लाडू!" म्हणत त्यांनी पहिला लाडू तिच्याच तळहातावर ठेवला.

स्पृहाने हात झटकला आणि किंचाळत आईकडे पळाली. लाडू पाटावरच्या हत्तीवर फुटला. कादंबरीने आधी तिचे हात धुतले. "अहो ताई, मी लिहिलं होतं! हिरवी खूणही आली होती!"

नंदिनीताईंनी लाडवांचा डबा बंद केला. तनयने पत्ता तिथल्या तिथे दुरुस्त केला. हिरव्या खुणेचं विचारल्यावर म्हणाला, "ते जरा वेळखाऊ आहे ताई, दिवाळीनंतर बघतो."

आज दिवाळीच्या फराळाचा फॉर्म सुरू झालाय. लोक मला दाबताहेत आणि मी हिरवा होतोय. पलीकडे कुणी आहे की नाही, मला ठाऊक नाही. हात जोडतो, माझ्यावर विसंबू नका. पहिला घास घेण्याआधी एकदा तोंडाने विचारा. स्पृहाने विचारलं, म्हणून ती वाचली.