पांढऱ्या पेशी

मथुराबाईचा खोकला दिवाळीपासून हटत नव्हता. दिवसा बरी असायची, पण पहाटेच्या आधी छातीत घरघर सुरू व्हायची आणि ती उठून भिंतीला टेकून बसायची. अंगावरचं मांस उतरलं. हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या, तेव्हा व्यंकटनं तिला बळंच उस्मानाबादला नेलं. व्यंकट ढोकीच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होता. त्या साली पाऊस पुन्हा दगा देऊन गेलेला, ऊस उभ्या जागी वाळलेला, आणि गाळप हंगाम संपायच्या आधीच थांबलेलं. नवऱ्याला वेळच वेळ होता.

डॉक्टरांना टीबीचा संशय होता. छातीचा फोटो काढला, रक्त काढलं. टीबी निघाला नाही. रक्त मात्र भलतंच निघालं.

"पांढऱ्या पेशी दहा हजाराच्या वर नसाव्यात," रक्त तपासणारा माणूस म्हणाला. "ह्या चाळीस हजार हायेत. ब्लड कॅन्सरमधी अशा वाढतेत. सोलापूरला मोठ्या डॉक्टरला दाखवा." आणि तो पुढच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायला वळला.

व्यंकटला ब्लड कॅन्सर माहीत होता तो सिनेमातला. हिरो हसत हसत गाणं म्हणतो आणि शेवटी मरतो. एसटी स्टँडवर त्यानं दोन चहा सांगितले, पण त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"प्या की, गार व्हायलाय," मथुराबाई म्हणाली.

"तू ऐकलं न्हाईस का त्यो काय म्हणला?"

"ऐकलं. कॅन्सरमधी वाढतेत म्हणला. मला कॅन्सर झालाय असं न्हाई म्हणला." तिनं आपला चहा संपवून कप खाली ठेवला. "सोलापूरला जाऊ. तवर आपल्या मनानं काय ठरवायचं न्हाई."

व्यंकट तिच्याकडं बघत राहिला. लग्नाला वीस वर्षं होत आली होती. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी एकाच कामावर खडी फोडली होती आणि संध्याकाळी एकाच ताटलीतली सुकडी खाल्ली होती. बाई घट्ट आहे हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. तरी त्या दिवशी त्याला ती नव्यानं दिसली.

सोलापूरचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी रक्ताची काच स्वतः दुर्बिणीखाली धरली आणि बराच वेळ बघितली. मग ते व्यंकटकडं वळून बोलायला लागले.

मथुराबाईनं त्यांना मधेच थांबवलं. "साहेब, रक्त माझं हाय. माझ्याकडं बघून सांगा. कॅन्सर हाय का न्हाय?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडं फिरवली. "बाई, सोनारीच्या यात्रेला गेला आहात कधी? गर्दी दिसली म्हणजे भांडणच लागलं असं नसतं. गर्दी कुणाची आहे ते बघावं लागतं. पांढऱ्या पेशींच्या चार-पाच जाती असतात. तुमच्या रक्तात त्यातली एकच जात वाढली आहे, आणि त्या पेशी पुऱ्या वाढलेल्या आहेत. रक्ताच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा कच्च्या पेशी रक्तात येतात. त्या मला दिसल्या नाहीत."

"मग ही गर्दी कशानं झाली?"

"डासांमुळं, असं मला वाटतं. हत्तीरोगाचे जंतू डासातून अंगात जातात. एखाद्याचं रक्त त्यांच्यावर असं उठतं, आणि रात्रीचा खोकला लागतो."

"मंजे कॅन्सर न्हाय."

"नसावा. पण आज खात्रीनं सांगत नाही. तीन आठवडे गोळ्या घ्या, परत रक्त दाखवा. पेशी उतरल्या तर प्रश्न मिटला. नाही उतरल्या तर हाडातला मगज काढून तपासावा लागेल."

"ते दुखतं का?"

"दुखतं."

"बरं झालं खरं सांगितलंत," मथुराबाई म्हणाली. "आता तुमचं बाकीचंबी खरं धरते."

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सोलापूरला निघायच्या आधी व्यंकटनं फक्त भावाला सांगितलं होतं, भावानं पारावर. दुसऱ्या दिवशी टँकर आला. टँकरची पाळी मथुराबाईनंच लावून दिलेली. पूर्वी टँकर वेशीत रिकामा व्हायचा आणि तिच्या बौद्ध वस्तीला तळाचं गढूळ पाणी यायचं. तिनं सरपंचाच्या दारात बायका बसवल्या आणि ठरवून घेतलं की एक दिवस वेशीपासून सुरुवात, एक दिवस वस्तीपासून. त्या दिवशी वस्तीची पाळी होती, पण तिच्या घागरीशेजारी कुणी घागर ठेवेना.

मथुराबाईनं ते बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माझ्या रक्तात बिघाड हाय. कॅन्सर असंल, नसंल. डॉक्टरला वाटतंय नसावा. तीन आठवड्यांनी कळंल. असला तरी तो घागरीतून कुणाला लागत न्हाई, मी इचारून आलेय. आता पाणी भरा, टँकरवाला खोळंबलाय."

संध्याकाळी वेशीतल्या शांतम्मा तिच्या घरी आल्या. त्या कपाळाला विभूती लावणाऱ्या, सोवळ्याच्या, आणि वस्तीत त्यांचं पाऊल कधी पडलेलं नव्हतं. त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाक गं मथुरा, साखर कमी." चहा पिऊन होईपर्यंत आजाराचं नावही काढलं नाही. गोळ्यांच्या पहिल्या दिवसांत मथुराबाईला ताप भरला, सांधे धरले. औषधच लागू पडत नाही म्हणून व्यंकटनं धीर सोडला. ती पांघरुणातून म्हणाली, "जंतू मरताना तरास होतो, हे साहेबांनी सांगितलंय. तुमी तवा दाराकडं बघत व्हता."

एका पहाटे व्यंकटला जाग आली तर घरात खोकला नव्हता. घाबरून त्यानं तिच्या नाकापुढं हात धरला. ती शांत झोपली होती.

तीन आठवडे झाल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनी काच बघितली आणि मान हलवली. पेशी पार खाली आल्या होत्या. "कॅन्सर नाही," ते म्हणाले, तिच्याकडं बघून. व्यंकटला हुंदका आवरेना. मथुराबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच दमात डॉक्टरांना विचारलं, "डासानं मला झालं, तर वस्तीत अजून कुणाला असंल की?"

त्या उन्हाळ्यात हत्तीरोगाचे सरकारी लोक वस्तीत येऊन घरोघरचं रक्त घेऊन गेले. आणखी काहींना गोळ्या लागल्या. टँकरच्या सांडलेल्या पाण्याचं डबकं बायकांनी मुरूम टाकून बुजवलं. व्यंकटनं बरेच दिवस मुरमाच्या पाट्या वाहिल्या. बायको हातात फावडं घेऊन काम सांगत होती आणि तो ऐकत होता, यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

पुढच्या साली बॉयलरवरचा कल्याणप्पा घरी आला. त्याच्या आईच्या छातीत गाठ आली होती. "वहिनी, तुमी संगं चला," तो म्हणाला. "डॉक्टरपुढं आमची वाचाच बसते."

मथुराबाईनं भाकरी बांधून घेतली. व्यंकट तिला एसटीपर्यंत सोडायला गेला. म्हातारी खिडकीशी पदरात तोंड घालून बसली होती.

"काय इचारणार तू डॉक्टरला?" व्यंकटनं खालूनच विचारलं.

"आधी ह्यांना इचारते," म्हातारीशेजारी बसत मथुराबाई म्हणाली, "ह्यांना काय इचारायचंय ते."