आतल्या खोलीचं छप्पर

लटारूभाऊंनी पाण्याचा गडवा पुढं केला, पण बसा म्हटलं नाही. दिव्यानी उभ्यानंच पाणी प्यायली. आता काय विचारणार ते तिला ठाऊक होतं.

"घर दुरुस्त करून देता म्हंता. फुकट?"

"हो भाऊ, फुकट."

"काऊन?"

या 'काऊन'ला तिच्याकडे धड उत्तर नव्हतं. नागपूरच्या एका संस्थेनं उन्हाळ्यात घरदुरुस्तीचं शिबिर मांडलं होतं. दर आठवड्याला कॉलेजच्या पोरापोरींची नवी तुकडी पळसटोल्यात यायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची गळकी घरं नीट करायची आणि हातावरचे फोड एकमेकांना दाखवत परत जायची. दिव्यानी आणि हेमराज मात्र संस्थेची माणसं म्हणून उन्हाळाभर मुक्कामाला होते. दिव्यानी गडचिरोलीची, समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली. घरं निवडणं, पोरांचं राहणं-जेवण, फोटो काढून संस्थेला कळवणं ही तिची कामं. हेमराज चामोर्शीकडचा गवंडी, सुतारकामातही हात बसलेला. छपरावर काय करायचं ते तो ठरवायचा.

गावाला हे काही पचत नव्हतं. कोणी म्हणे, हे धर्म बदलायला लावणारे. एका घरी दिव्यानीनं 'जयभीम' म्हटलं, तिथली शंका मिटली आणि लगेच शेजारच्या घरातली वाढली. कोणी म्हणे, हे फोटो काढून नेतात, मग साहेब म्हणतो तुमचं घर तर चांगलं आहे, अन् घरकुल जातं. दिव्यानी हसून सगळ्यांना समजावायची. पण लोक ऐकून घ्यायचे आणि ती वळली की आपसात कुजबुजायचे, हे पाठीलाही कळायचं.

लटारूभाऊंचं घर गावाच्या टोकाला, जंगलाला चिकटून. नवरा-बायको दोघंच. मुलगा तेलंगणात कामाला गेलेला. बायकोनं, गिरजाबाईंनी, हट्ट धरला म्हणून पुढच्या ओसरीचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, बदलायला लटारूभाऊ तयार झाले. पण अट घालूनच.

"आतल्या खोलीले हात लावाचा नाई."

"तिथंच तर सगळ्यात जास्त गळतं ना, भाऊ?" भिंतीवरचे पाण्याचे ओघळ दारातून दिसत होते. धान्याच्या कोठीवर फाटकी ताडपत्री टाकलेली होती.

"गळू दे. आमचं आमी पाहू."

आत काय आहे, ही शंका आता दिव्यानीच्या मनात शिरली. माणूस गळणारं छप्पर सोडून न गळणारं का दुरुस्त करून घेईल? दुपारी हेमराज शिडी लावून वर चढला, आतल्या खोलीवरचे चार कवेलू सरकवून डोकावला आणि खाली उतरला.

"ओसरीच करू म्याडम. आतलं राहू द्या."

"का? काय आहे?"

"काई नाई. बरंच काम हाये तिथी. पोरांच्यानं होनार नाई."

त्यानं हे तिच्याकडे न पाहता सांगितलं. तसा तो कमीच बोलायचा. फोन आला की उठून दूर पळसाखाली जायचा, आणि दुपारी जेवणानंतर मोटारसायकल काढून कुठंतरी तासभर गायब व्हायचा. कुठं जातो ते कधी सांगितलं नाही. दिव्यानीला वाटलं, कामचुकारपणा आहे, दुसरं काही नाही. तिनं संध्याकाळी गिरजाबाईंना एकटीला गाठलं. त्या सकाळी तेंदूपत्ता तोडून आलेल्या, दारात बसून पुडे बांधत होत्या.

"बाई, पावसात धान भिजल्यावर काय खाल? तुम्ही सांगा भाऊंना."

गिरजाबाई बराच वेळ पानांवरून हात फिरवत राहिल्या. "तो भेते, पोरी."

"कशाला?"

"भेते," एवढंच म्हणाल्या. पण रात्रीत घरात काय बोलणं झालं कोण जाणे, सकाळी लटारूभाऊ आतल्या खोलीतलं सामान अंगणात काढू लागले.

कवेलू उतरले आणि वर काळेभोर, गुळगुळीत वासे दिसू लागले. खालून पोरं ओरडलीच, "अरे, हे तर सागवान आहे!" अशा भक्कम लाकडाची त्यांना केवढी नवलाई! दिव्यानीलाही छान वाटलं. उन्हात उघडं पडलेलं छप्पर, त्यावर घोड्यावर टाकावी तशी मांड टाकून बसलेली पोरं, खाली लटारूभाऊ. असा झकास फोटो तिनं काढला. हेमराज वरून म्हणाला, "म्याडम, फोटो राहू द्या ना." तिला तेही खटकलं. याला प्रत्येक गोष्टीत नन्नाच का?

त्याच दुपारी ती पोरांसाठी भाजी आणायला तुकडीतल्या एका पोरीच्या स्कूटीवर कुरखेड्याला निघाली. नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर हेमराज बसला होता. शेजारी वनखात्याचा गार्ड धनराज. दोघंही पुढं वाकून काहीतरी बोलत होते. स्कूटी दिसली तशी हेमराजनं मान फिरवली. निदान तिला तसं वाटलं.

आणि दोनच दिवसांत धनराज लटारूभाऊंच्या अंगणात उभा होता.

"या लाकडाची पास हाये का भाऊ? परवाना?"

लटारूभाऊंच्या हातातला कवेलू तसाच राहिला.

"साहेब येतीन उद्या. तवरी लाकडाले कोनी हात लावू नका," एवढं सांगून धनराज गेला. घर वरून उघडं पडलेलं. ईशान्येकडे ढग दाटत होते. अंगणात हळूहळू गाव जमा झालं आणि सगळ्यांचे डोळे दिव्यानीवर खिळले.

"म्हनून फुकट करून राह्यले होते," मागून कोणीतरी म्हणालं.

"घरात घुसाचं, फोटो काढाचे, अन् फॉरेस्टवाल्याले सांगाचं."

"मी नाही सांगितलं!" दिव्यानीचा आवाज चिरकला. "मी कोणालाही काही बोलले नाही. शपथ घेते."

"मंग कोनं सांगतलं?"

तिच्या डोळ्यांपुढं टपरी आली. वाकलेली दोन डोकी, फिरवलेली मान. आतलं राहू द्या म्हणणारा, रोज दुपारी गायब होणारा, फोनवर दूर जाऊन बोलणारा माणूस. सगळं एकदम जुळलं, आणि इतकं चपखल जुळलं की तिला पुन्हा विचार करावासाच वाटला नाही.

"हेमराजभाऊंना विचारा," ती म्हणाली. "परवा नाक्यावर धनराजसोबत बसले होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

हेमराज शिडीच्या खालच्या पायरीवर होता. त्यानं गावाकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. "बसलो होतो," तो म्हणाला. दुसरं काही बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं आपली करवत, पटाशी, हातोडा सगळं पोत्यात भरलं, मोटारसायकलला बांधलं आणि निघून गेला. मागं कोणी थांब म्हटलं नाही.

सकाळी रेंजर साहेब आले. वयस्क, घामाघूम झालेले, आवाज न चढवता बोलणारे. खाटेवर चढून त्यांनी एका वाशावरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली.

"हे चुलीच्या धुरानं काळं झालंय. माझ्या जन्माच्या आधीचं असेल."

"माह्या बापानं लावलं साहेब," लटारूभाऊ म्हणाले.

"आणि हे?" साहेबांनी कोपऱ्यातले दोन वासे दाखवले. ते पिवळसर होते, नुकताच रंदा फिरल्यासारखे.

लटारूभाऊ खाली बसले. "वादळात पडलं होतं झाड. जुने वासे वाळवीनं खाल्ले होते साहेब. मी उभं झाड नाई कापलं. माह्या मायची आन."

साहेबांनी बोटाची काजळी पुसली. "पडलेलं उचलायचं तरी आधी सांगायचं ना भाऊ. जुन्याला मी हात लावत नाही. हे दोन मात्र न्यावे लागतील."

पंचनामा झाला, सह्या झाल्या. वासे काढायला वर चढलेल्या माणसांकडे गिरजाबाई पदराचं टोक दातात धरून पाहत होत्या. गावाच्या नजरा मात्र अजून दिव्यानीवरून हटल्या नव्हत्या. तिला राहवलं नाही. सगळ्यांसमोर, मोठ्यानं तिनं विचारलं, "साहेब, एक सांगा. तुम्हाला हे कळवलं कोणी?" हेमराजचं नाव एकदा सगळ्यांनी ऐकलं की आपल्यावरचा डाग पुसला जाईल, अशी तिची खात्री होती.

"कळवायला कशाला पाहिजे?" साहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यापुढं धरला. "अख्ख्या जगानं पाहिलं."

संस्थेच्या पानावर तिनंच काढलेला फोटो होता. उन्हात उघडं छप्पर, वर बसलेली पोरं, खाली लटारूभाऊ. काळ्या वाशांमध्ये दोन पिवळे वासे स्वच्छ दिसत होते. खाली तिनंच लिहून पाठवलेलं वाक्य होतं: 'पळसटोल्याचं अस्सल सागवानी घर, आमच्या हातांनी पुन्हा उभं राहतंय.' गावाचं नावसुद्धा.

दिव्यानीनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मोबाईल परत करून ती वळली. सगळे वाट पाहत होते. ऊन चढलं होतं, कोणी हलत नव्हतं.

"फोटो माझा होता," ती म्हणाली. "हेमराजभाऊंनी काही केलं नाही. त्यांनी फोटो काढू नका म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

कोणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. गिरजाबाई जवळ आल्या, तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुले मना केलं होतं ना, बाई," असं म्हणाल्या आणि आत गेल्या. कालपर्यंत त्या तिला पोरी म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी कुरखेड्याहून गडचिरोली, तिथून चामोर्शी अशा दोन एसट्या बदलून दिव्यानी हेमराजच्या गावी पोचली. तो कोणाच्या तरी पडवीला गिलावा करत होता. ती समोर येऊन उभी राहिली तरी थापी थांबली नाही.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं भाऊ. माझी चूक झाली."

"आयकलं. धनराजचा फोन आला होता."

"तुम्ही त्याच्याशी काय बोलत होतात त्या दिवशी?"

थापी थांबली. "इच्यारायले आता आल्या?" तो म्हणाला. मग भिंतीकडे पाहतच, "बांबूचं इच्यारत होतो. वाशांवर ठोकाच्या पाट्यांसाठी. कुठला तोडला तं चालते. धनराज माह्यासंग शिकला. रोज दुपारी त्याच्याचकडे जातो, जेवतो. तुमी कधी इच्यारलंच नाई, तं मी सांगतलं नाई."

"आणि लटारूभाऊंचे नवे वासे तुम्ही वर चढलात तेव्हाच पाहिले होते."

"पाह्यले."

"मला सांगायचं ना."

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी पेपरात देल्लं असतं," हेमराज म्हणाला. तो चिडून बोलत नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. तिच्यावर त्यानं विश्वास ठेवला नव्हता, जसा तिनं त्याच्यावर ठेवला नव्हता. गावच्या शाळेत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहून, एकाच पातेल्यातलं जेवून दोघांनी अख्खा महिना असाच काढला होता.

"घर उघडं आहे भाऊ," ती शेवटी म्हणाली. "ताडपत्री बांधलीय, पण वाऱ्यात टिकायची नाही. तुम्ही माझ्यासाठी येऊ नका."

"तुमच्यासाठी कोन येऊन राह्यलं?" हेमराजनं घमेलं धुवायला घेतलं. "दोन वासे कमी हायेत तिथी. चिचगावच्या आरागिरणीवर ऐनाच्या लाकडाचे भेटतीन, पावतीसकट. संध्याकाळी टेम्पो भेटते का पाहा."

तो आला. ऐनाचे दोन वासे चढले, बांबूच्या पाट्या बसल्या, कवेलू लागले. लटारूभाऊ खालून एकेक कवेलू वर देत होते, पण दिव्यानीच्या हातात देत नव्हते. मधल्या पोराच्या हातात देत होते. तिनंही मग मध्ये उभं राहणं सोडलं आणि चिखल कालवायला बसली. हेमराज तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. शिडी धरा. दोरी द्या. पाणी सांगा.

त्यानंतरचं घर होतं सुकलू आजोबांचं. आजोबा दारातच काठी आडवी धरून बसले होते. दिव्यानी रस्त्यावर थांबली आणि हेमराज पुढं झाला.

"तू करून दे बाबू," आजोबा म्हणाले. "पन थे पोरगी नाई पाहिजे घरात."

ती ऐकत होती. परत फिरावं म्हणून तिनं पाऊल उचललंही.

हेमराजनं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. "थे नाई तं मी बी नाई, आजा," तो म्हणाला. "काम दोघं मिळून करतो आमी."

आजोबांनी काठी बाजूला केली नाही. पुटपुटत राहिले. हेमराजही हलला नाही, तिथंच दारापुढं उकिडवा बसला आणि बिडी काढून आजोबांपुढं धरली. दिव्यानीकडे त्यानं वळून पाहिलं नाही. ती पळसाच्या सावलीत उभी राहिली. बोलणं बराच वेळ चाललं होतं, तिच्यापर्यंत शब्द पोचत नव्हते, आणि आज पहिल्यांदाच ते काय बोलत असतील याची तिला चिंता वाटली नाही.