रहिमतपूरच्या टेलरकडची कुकी

मित्रांनो, मी एक जुनी कुकी आहे. खायची नव्हे! रहिमतपूरला लियाकत टेलरांच्या काउंटरवर जो टॅब आहे, त्याच्या ब्राउझरमध्ये मी राहते.

माझा जन्म सर्व्हरवर झाला. सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी बसलेला संगणक. मोठा हुशार, पण इतका विसराळू, की दर पानाला त्याला गिऱ्हाईक नवंच वाटतं. म्हणून लियाकतभाईंच्या मुलीने, मदिहाने, दुकानाची वेबसाइट लिहिताना माझी योजना केली. रेश्मा नावाच्या गिऱ्हाइकाने टॅबवर नाव-पासवर्ड घातला, सर्व्हरने माझ्या अंगावर एक खूण लिहिली आणि मला ब्राउझरकडे धाडलं. मग कोणतंही पान मागा, ती खूण घेऊन मी सोबत जाते आणि सर्व्हर म्हणतो, "नमस्कार, रेश्मा!" मी एकदाही चुकले नाही. कौतुक मात्र मदिहाचं झालं.

पण आपल्याकडे एक टॅब म्हणजे अख्ख्या गल्लीचा. रेश्मा स्वतःच्या लग्नाच्या ब्लाउजची मापं भरून तशीच निघून गेली. पाठोपाठ अंबूबाई आल्या.

"आगं बया! मला रेश्मा म्हणतंय!"

"त्ये कायबी म्हणतंय, काकू. तुमी मापं भरा," लियाकतभाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

"म्हणू दे. लगीन तरी ठरंल माझं!"

झालं! रेश्मा पोलीस भरतीचा सराव करणारी, भरल्या दंडाची, अंबूबाई काडीसारख्या. त्यांची मापं जाऊन बसली रेश्माच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी लियाकतभाईंनी रेश्माचं कापड पसरलं. साडीसोबत आलेला एकच तुकडा, तसला दुसरा मिळणार नव्हता. खडूने आखलं, कात्री उचलली आणि रेश्माचा फोन आला.

"चाचा, कापू नका! आत्ता मोबाइलवर माझी मापं बघितली. दंड नऊ इंच? त्यात माझं मनगट बसंल निस्तं!"

"या अल्ला! कात्री लावतच हुतो की गं!" मग त्यांनी टॅबकडे डोळे वटारले. "याचं डोकं फिरलंय."

"न्हाई, अब्बा," मदिहा म्हणाली. "कुकीनं सांगितलं तेवढंच केलं. खात्यातनं बाहेर पडायचं बटणच मी ठेवलं न्हाई."

तिने लगेच नवा नियम लिहिला: मापं जतन झाली की सर्व्हरने ब्राउझरला कुकी पुसायला सांगायचं. माझ्यासारख्या जुन्या कुकीला तर सर्व्हरकडच्या पुढच्या पहिल्याच फेरीत.

मित्रांनो, मी इमानी आहे, पण बोट कोणाचं ते मला दिसत नाही. दहाजणांच्या यंत्रावरून उठताना आपलं नाव मागे ठेवू नका.

या पाहा, अंबूबाई आल्या. त्यांनी पान उघडलं, मी शेवटची फेरी मारली. पडद्यावर आलं, 'आपलं नाव?'

"आता नाव इचारतंय व्हय रं?" अंबूबाई टॅबवर खेकसल्या. "कालच्याला किती लाडानं रेश्मा म्हणत हुतास!"

त्यांनी 'अं' लिहिला, आणि मी निघाले.