गोळ्यांची डबी जर्मनीला जाते

मी एक जुनी पितळी डबी आहे. मुठीत मावेन एवढीच. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हिच्याकडे काय असणार सांगण्यासारखं? पण ऐका. मला नाहीतरी गप्प बसवत नाही.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. जन्मल्यापासून कानांवर हातोडीचे ठोके, त्यामुळे स्वस्थपणा म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही. नारायण पेठेतल्या एका गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि माझ्यात तपकीर भरली. त्यांच्या कोटाच्या खिशात मी बरीच वर्षं काढली. उघडायचं, शिंका ऐकायच्या, मिटायचं. ते गेले आणि घासूनपुसून मी त्यांच्या सुनेच्या, म्हणजे उल्काताईंच्या हाती आले.

उल्काताईंना तरुणपणी फीट यायची. लग्नानंतर चांगले डॉक्टर भेटले, गोळी लागू पडली आणि फीट थांबली ती थांबलीच. पण गोळी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायची, चुकवायची नाही. आणि हे चारचौघांत बोलायचं नाही, असं त्यांचे यजमान श्रीनिवासराव यांनी ठरवून टाकलेलं. माणूस भला, पण लोकांना फार भ्यायचे. "उद्या ऋचाचं लग्न करायचंय," ते लेकीबद्दल म्हणायचे. म्हणून औषधाची पट्टी घरी आली की उल्काताई ओट्यापाशी उभ्या राहून एकेक गोळी सोडवत, माझ्यात टाकत आणि नाव छापलेला चंदेरी कागद चुरगळून कचऱ्यात टाकत. कुणी विचारलंच तर, "पित्ताची आहे हो."

भरलेली असले की मी मुकी असते. गोळ्या एकमेकींना दाटून बसलेल्या असतात. त्या कमी झाल्या की मी वाजू लागते. माझी खुळखुळ ऐकली की उल्काताई कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जात. तिथले श्यामसुंदर चिठ्ठी मागत नसत. चेहरा दिसला की पट्टी काउंटरवर. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी कधी आणि कुठे गहाळ झाली, कुणालाच पत्ता नव्हता. पेठेत याला ओळख म्हणतात आणि तिचा अभिमानही बाळगतात.

ऋचाचं लग्न झालं. जावई आमोद जर्मनीत नोकरीला. त्याला फीटचं कुणी काही सांगितलं नाही. आधी सांगायचं राहिलं, मग सांगायची लाज वाटू लागली. ऋचाला दिवस गेले आणि उल्काताई बाळंतपणाला निघाल्या. सामानात डिंकाचे लाडू, अळीव, टोपडी, दुपटी. पर्समध्ये मी, परतीच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या पोटात घेऊन.

मुलगी झाली. वल्लरी. उल्काताई तिला रोज आपल्या पद्धतीने न्हाऊ घालत. तिथल्या न्हाणीघरात पाट कुठला? त्या भिंतीला टेकून पाय पसरून बसत, बाळाला पायांवर उपडं घेत आणि तेल चोळून कोमट पाणी घालत. मी आरशाखालच्या फळीवर. ती पोर आधी ठणाणा करायची, मग पाणी पाठीवर पडलं की हळूहळू निवायची. उल्काताईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख असायचं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग ऋचाच्या सिझेरियनच्या टाक्यांत पू झाला. ताप आला. आईचा मुक्काम वाढला, तिकीट पुढे ढकललं. तिकीट ढकलता येतं हो, गोळ्या कशा ढकलणार? माझं पोट रिकामं व्हायला लागलं आणि माझा जीव खालीवर.

उल्काताईंनी गॅलरीत जाऊन हळू आवाजात श्रीनिवासरावांना फोन केला. तेही धावतपळत श्यामसुंदरांकडे गेले. संध्याकाळी त्यांचा उलट फोन.

"श्यामसुंदर म्हणतात, औषध आहे ते, बाकरवडी नाही. कुरिअरवाला चिठ्ठी मागेल, तिकडचे कस्टमवाले अडवतील. चिठ्ठी कुठाय आपल्याकडे?"

"मग मी काय करू?"

"आमोदना विचार."

"काय सांगून विचारू?"

दुसऱ्या दिवशी उल्काताईंनी सुरी घेतली आणि एका गोळीच्या दोन केल्या.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला चैन पडेना. औषध अर्धं आणि रोज भरल्या बादलीपाशी ती इवलीशी पोर त्यांच्या पायांवर. मी फळीवरून बघत राही. एक दिवस पाणी घालता घालता त्यांचा हात झटकन उडाला आणि तांब्या फरशीवर आदळला. बाळ दचकलं. उल्काताईंनी त्याला छातीशी धरलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी पडले डबी. कुणी हलवल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

हलवलं ते ऋचाने. दुपारी उल्काताई जरा आडव्या झाल्या होत्या, वल्लरी रडायची थांबेना. ऋचाने इकडेतिकडे पाहिलं, मी हाताला लागले, तिने मला बाळापुढे खुळखुळवलं. बाळ थबकलं. ऋचाने पुन्हा हलवलं आणि तीही थबकली. लहानपणापासून तिने माझा आवाज ऐकला होता. एवढा पोकळ कधीच नव्हता. तिने झाकण उघडलं. आत अर्धुकं, चुरा आणि दोन-चार गोळ्या.

"आई, हे काय चाललंय?"

उल्काताई उठून बसल्या. "अगं, पुरवून घेते आहे. तुझं हे असं, तुला कशाला त्रास?"

"आणि वल्लीला आंघोळ घालतेस रोज?"

उल्काताई पदराने डोळे टिपत राहिल्या. ऋचाही रडली, पण आमोदला हाक मारायची ती थांबली नाही.

आमोद शेजारच्या खोलीत ऑफिसचं काम करत होता. त्याने सगळं उभ्यानेच ऐकलं. चेहरा उतरला त्याचा. "आई, फीटचं मला कळलं असतं तर मी लग्न मोडलं असतं, असं वाटलं का तुम्हाला?" एवढंच म्हणाला आणि मला खिशात घालून त्यांना औषधाच्या दुकानात घेऊन गेला.

दुकानातल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी मला उजेडात धरलं, अर्धुकं उलटंपालटं केलं आणि विचारलं, याचं नाव काय? उल्काताईंनी पुण्यातलं नाव सांगितलं. ते त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. अर्धुकांवरची अक्षरं सुरीने कापलेली, अख्ख्या गोळ्यांवरची माझ्यात घासून गेलेली. पाकीट? नाही. पट्टी? नाही. चिठ्ठी? नाही. बाईंनी मान हलवली, पण हे औषध एकदम तुटणं बरं नाही हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी जवळच्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथले डॉक्टर म्हणाले, पुण्याहून औषधातल्या घटकाचं नाव आणि प्रमाण कळवा, लगेच लिहून देतो.

आता पुण्यात श्रीनिवासरावांची धावपळ, मला ती मागाहून कळली. त्यांनी जुन्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे वा. बाईंनी गोळी सोडली की मला, तेच कळत नव्हतं." पण पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. तोपर्यंत इकडे आम्ही दवाखान्याच्या बाकावर. उल्काताई मला एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेत होत्या, मी वाजत होते आणि समोरचे लोक बघत होते. अखेर आमोदचा फोन किणकिणला. पत्र आलं होतं. संध्याकाळी गोळ्या हातात. नाव निराळं, रंग निराळा, औषध तेच.

औषध पुन्हा अंगी लागेपर्यंत बाळाला न्हाऊ घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ते उल्काताईंना फार लागलं. सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसल्या आणि आमोद पाय पसरून भिंतीला टेकला. "मान धरा. घाबरू नका, ती नाही मोडत," उल्काताई सांगत होत्या. बादलीभर पाणी आमोदच्या अंगावर, तांब्याभर बाळाच्या. मागे उभी असलेली ऋचा पोटाचे टाके धरून हसत होती.

आम्ही पुण्याला परतलो. उल्काताई श्यामसुंदरांकडे गेल्या, सोबत श्रीनिवासराव. काउंटरवर गर्दी होती. उल्काताईंनी नवी चिठ्ठी पुढे केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "फीटची गोळी द्या." श्रीनिवासराव चपलांकडे बघू लागले. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

श्यामसुंदर म्हणाले, "चला, तुमचं पित्त गेलं एकदाचं."

आता गोळ्या पट्टीतच राहतात, नावासकट. चिठ्ठीची एक प्रत ऋचाकडे, एक पर्समध्ये. मी रिकामी, देवघराच्या फळीवर. कुणी घासत नाही म्हणून काळवंडले आहे. महिन्यातून एकदा चिंच लावलीत तर बरं वाटेल, पण तक्रार नाही. फक्त एक सांगते, मित्रांनो. घरातल्या औषधाचं नाव पुसू नका आणि आजाराचंही झाकू नका. भरलेली डबी गप्प असते, रिकामीही गप्प असते. वाजते ती संपत आलेली. मी वाजत होते तेव्हा एक पोर पाण्याजवळ होती. ऋचाने ऐकलं म्हणून बरं.