लेबल माझं, माल दुसऱ्याचा

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा कॅन आहे. पाच लिटरचा, पांढरा, हिरव्या झाकणाचा. माझ्या पोटावरच्या लेबलावर ठळक अक्षरांत ‘जंतुनाशक’ असं छापलेलं आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत परवान्याचा क्रमांक. तो उगाच मिळत नाही. जंतू मारतो असं म्हणून काही विकायचं, तर बनवणाऱ्याला औषधाच्या कायद्याखाली परवाना काढावा लागतो. हाताला चोळायच्या सॅनिटायझरचंही तसंच. फरशीचे डाग काढणाऱ्या साध्या क्लीनरला मात्र असला परवाना लागत नाही, कारण तो जंतू मारायचं वचनच देत नाही. दुकानात हे तिन्ही एकाच फळीवर उभे असतात आणि गिऱ्हाईक वास घेऊन निवडतं.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा माझ्यात खरं जंतुनाशक होतं. मी आलो अंधेरीला, आंबोली गावठाणात, क्लॅरिसबाईंच्या घरी. वडिलांच्या मागे त्यांनी घराच्या तळमजल्यावर पाच-सहा म्हाताऱ्या बायकांची सोय केली होती. कुणाची मुलं परदेशी, कुणाच्या घरी जागा नाही. किरण नावाची बाई त्यांचं सगळं करायची. ती माझ्यातलं औषध मापाने पाण्यात घालायची आणि शौचाच्या खुर्च्या, नळ, दारांच्या कड्या पुसून घ्यायची. नातेवाईक आले की क्लॅरिसबाई मला पुढे करून सांगत, “आमच्याकडे हे वापरतात, बघा.” तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मी रिकामा झालो तेव्हा माल पुरवणारा शिवदास दारात आला. गोड बोलणारा माणूस.

“मॅडम, सीलबंद कॅन उगाच महाग कशाला घेता? कॅन द्या, मी भरून आणतो.”

“तेच असतं ना रे?” क्लॅरिसबाईंनी विचारलं.

“तेच ना! उलट वास एकदम झकास.”

त्याने मला नेलं आणि एका मोठ्या पिंपातून गुलाबी पाणी माझ्यात ओतलं. ते क्लीनर होतं. साबण, रंग आणि गुलाबाचं अत्तर. माझ्या लेबलाला त्याने बोटही लावलं नाही. त्याला तेच तर हवं होतं.

घरात सगळ्यांना ते पाणी आवडलं. सर्वांत जास्त शेवंतीआजींना. त्या मूळच्या मालवणकडच्या. दाराशी बसून घरादाराची लसूण सोलून द्यायच्या. “आता कसो बरो वास येता गो,” त्या किरणला म्हणाल्या. “आदी हॉस्पितळात बसल्यासारख्या वाटायचा.” मग किरण त्यांच्या पलंगाखालची फरशी मुद्दाम दोनदा पुसू लागली.

पावसाळा सरता सरता एका आजींना जुलाब सुरू झाले. क्लॅरिसबाई घाबरल्या, पण गाफील राहिल्या नाहीत. “किरण, जंतुनाशक हात राखून नको वापरू. प्रत्येक वेळी खुर्ची पूस.” किरणने सांगितल्यापेक्षा जास्त केलं. ती कोपरापर्यंत बाह्या सारून घासत होती. खुर्ची चकचकीत दिसत होती, आणि जंतू तिच्यावर तसेच बसून होते. दुसऱ्या आजी आजारी पडल्या, मग तिसऱ्या, मग शेवंतीआजी.

“माका लाज वाटता गो,” कपडे बदलताना त्या किरणला म्हणत राहिल्या.

“लाज कसली आजी? मी तुमच्या मुलीसारखी ना?”

बाकीच्या सावरल्या. शेवंतीआजींना दवाखान्यात हलवलं, पण त्या परत आल्या नाहीत.

त्यांचा मुलगा सुशांत मानखुर्दहून धावत आला. त्याने माझं झाकण उघडलं, वास घेतला आणि तक्रार केली. औषध खात्याच्या निरीक्षक गंधाली मॅडम आल्या. शिवदासनेच भरून दिलेला, कपाटातला माझ्यासारखाच दुसरा कॅन त्यांनी सील करून नेला. मी मोरीत रिकामा पडलो होतो, माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. काही आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या.

“क्लीनर म्हणून मालात खोट नाही,” त्या म्हणाल्या. “पण जंतू मारणारं त्यात काहीच नाही.”

“मग पकडा ना शिवदासला!” सुशांत ओरडला.

“तो म्हणतो, मी सुटं क्लीनरच विकलं. पावतीवरही क्लीनर लिहिलंय. जंतुनाशकाच्या कॅनमध्ये बाईंनी ओतलं असेल, मला काय ठाऊक?”

“देवाशपथ, त्यानेच भरून आणलं,” क्लॅरिसबाई म्हणाल्या. “तोंडाने म्हणाला, तेच आहे.”

“तोंडाचं कोर्टात सिद्ध करावं लागेल, बाई. मी प्रकरण पुढे पाठवतेय.”

सुशांत क्लॅरिसबाईंकडे वळला. “म्हणजे फरशी पुसायचं पाणी लावलंत तुम्ही माझ्या आईच्या खुर्चीला?”

मी सगळं पाहिलं होतं, पण कॅनची साक्ष कोण घेणार?

गावठाणात बातमी पसरली. एकेक करून लेकी-सुनांनी आपापल्या म्हाताऱ्यांना नेलं. ज्यांच्या घरी जागा नव्हती, त्यांनाही कुठेतरी नेलं. किरणला विलेपार्ल्यात, जोगेश्वरीत कुणी काम देईना. क्लॅरिसबाईंनी तळमजल्याला कुलूप लावलं आणि मला भंगारात दिलं.

तिथे शिवदास आला. प्रकरण अजून फायलीतच होतं आणि धंदा नीट चालू होता. तो रिकामे कॅन उलटेपालटे करून बघत होता. फुटके नव्हे, फाटक्या लेबलांचे तो बाजूला टाकत होता. मला उचलून त्याने पोटावरची धूळ शर्टाने पुसली आणि भंगारवाल्याला म्हणाला, “हे बघ, अजून नव्यासारखं आहे.”

आज मी मुलुंडच्या एका पाळणाघरात उभा आहे. काठोकाठ भरलेला. बाळांची खेळणी माझ्यातल्या पाण्याने पुसतात. इथल्या ताईही मनापासून घासतात.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि ती भरली कुणी तेही विचारा. सुटं पाणी नुसत्या शब्दावर घेऊ नका. आणि आमच्यासारखा कॅन रिकामा झाला की त्याचं लेबल खरवडून काढा, पोटाला सुरीने भोक पाडा, मगच भंगारात द्या. आमची कीव करू नका. मला कुणी वेळेवर फोडलं असतं, तर बरं झालं असतं.