उभा राहिलेला वारा

"लोळत्या वाऱ्याले भिऊ नको पोरी. तो उभा राह्यला की मंग भे."

तुळसाबाईच्या कानात हा आवाज लहानपणापासून होता. माहेरी, इंझोरीच्या वावरात निंदताना आई, प्रयागबाई, गुणगुणायची:

वारा लोळे भुईवर, त्याले लोळू दे गं बाई,
उभा राह्यला की त्याले, मंग माय ना बहिनाई.

तुळसाबाई त्याला गाणंच समजत आली होती.

वैशाखातली दुपार. रिसोडजवळच्या माळावर गावातल्या घरांची शिजवलेली हळद वाळत पडलेली. खाली वारा एका अंगाने वाहत होता, वर ढग भलतीकडेच चालले होते. बघता बघता एक ढग रांजणासारखा फुगला आणि जागच्या जागी संथ फिरू लागला. नाल्यापलीकडे गारा कोसळल्या. त्यांचा गारवा जमीन चाटत माळावर आला. गड्यांतला जगदेव म्हणाला, माह्या सासऱ्यानं कूलर धाडला वाटते. बायका हसल्या.

गडी ताडपत्र्या बांधायला धावले. तुळसाबाईचा नवरा इंद्रभान पार टोकाच्या ढिगाकडे गेला. झटक्यानं सुटू नये म्हणून इथले लोक दोर मनगटालाच गुंडाळतात, त्यानंही गुंडाळला.

मग तिला ते दिसलं. थंड हवा गरम हवेच्या खाली घुसत होती आणि त्या सीमेवर धूळ आडवी लोळत येत होती, ओंडका लोळावा तशी. काळ्या ढगाच्या बुडाखाली ती पोचली आणि तिचं एक टोक उचललं गेलं. ढग तिला वर ओढू लागला. वात वळताना कापूस ताणला की तो बारीक होतो अन् गरगर फिरतो, तशी ती धूळ उभी होत, बारीक होत गेली, वेग घेत गेली.

माळावरचा वारा एकाएकी पडला. वारा थांबलाय तोवर पक्कं बांधून घ्यावं म्हणून इंद्रभाननं दोराला आणखी एक वेढा दिला. त्याची पाठ त्या धुळीकडे होती.

बाकीचे नाल्याकडे पळत सुटले. प्रत्येक बाई आपापल्या माणसाला ओरडत होती, अहो, आयकता का. तुळसाबाईही तेच ओरडत होती. इंद्रभाननं न बघताच हात हलवला. त्याला वाटलं, कोणाची तरी कोणाला हाक असेल. त्याचा मोबाइल इकडे तिच्याच पिशवीत होता.

ती नाल्याच्या काठाकाठानं त्याच्या दिशेनं पळाली. ताडपत्री पोट फुगवून उठू लागली होती, दोर ताठ झाला होता, त्याच्या टाचा जमिनीवरून सुटत होत्या. पुढं हवाच तिला जाऊ देईना. ती तिथंच काठाशी आडवी पडली.

लग्नापासून तिनं त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा 'शिवमचे बाबा' म्हणून वेळ मारून न्यायची. शेजारची बेबीबाई टोमणे मारायची, काहून व, नावानं जीभ जळते का? तुळसाबाई हसून टाळायची. जीभ जळायची भीती नव्हती. बाईनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटते, हे तिच्या हाडात मुरलं होतं.

धुळीचा खांब हळदीत शिरला. सगळं माळरान पिवळं झालं. त्या पिवळ्यात तिचा नवरा पुसट होत चालला.

तिनं तोंड उघडलं, तर धूळच आत गेली. थुंकून, कोपरावर उठून, छातीत होता नव्हता तेवढा श्वास तिनं बाहेर लोटला.

"इंद्रभान! दोर सोड, इंद्रभान!"

तो वळला. आपल्याला या नावानं हाक मारणारी ही बाई कोण, अशा नजरेनं त्यानं पाहिलं, आणि हात झटकला. दोर मनगट सोलत निसटला. ताडपत्री आभाळात गेली. तो रांगत, घसटत तिच्याजवळ येऊन तिच्यासकट नाल्यात कोसळला. खांब त्यांच्या डोक्यावरून गर्जत गेला. तुळसाबाई त्याचं डोकं पोटाशी धरून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "इंद्रभान. इंद्रभान."